कोंबडीची मान पुन्हा पुन्हा वाकडी होते? ‘मानमोडी’ म्हणण्याआधी हे तपासा

सकाळी खुराड्याचं दार उघडलं की बाकीच्या धडाधड बाहेर येतात आणि एक आतच बसून राहते. पाय दुमडलेले, डोकं मागे पाठीला टेकलेलं, चोच छताकडे. हाक मारली की उठायला बघते, दोन पावलं उलटी मागे जाते आणि कुशीवर कलंडते. डोळे मात्र लख्ख असतात. दाणे टाकले की टिपायला जाते, पण चोच दाण्यावर न पडता वीतभर बाजूला मातीत पडते. हे बघवत नाही.

मी नाशिकच्या मखमलाबादला राहते. घरामागच्या मोकळ्या जागेत सात-आठ कोंबड्या असतात. विकायला नाहीत, अंडी घरात आणि शेजारी जातात, प्रत्येकीला नाव आहे. हा त्रास आमच्याकडे लागोपाठ तीन पावसाळे आला. पहिल्या वर्षी ठिपकी गेली, दुसऱ्या वर्षी चांदी. तिसऱ्या वर्षी तांबडी आजारी पडली आणि वाचली. पहिल्या दोघीही वाचल्या असत्या हे आता कळतं आणि अजून लागतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहून ठेवते आहे.

ठिपकीच्या वेळी गल्लीत ज्याने त्याने एकच शब्द उच्चारला: मानमोडी. राणीखेत रोगाला आपल्याकडे हेच नाव आहे, आणि नावच असं की मान वाकडी दिसली की दुसरं काही सुचत नाही. खाद्य आणते त्या दुकानात सांगितलं, ‘ही एक कापून टाका ताई, नाहीतर सगळ्या जातील.’ मी ऐकलं. नंतर बाकीच्या सहाजणींपैकी एकीलाही काही झालं नाही. तिथेच मला शंका यायला हवी होती, कारण राणीखेत असा एकीला गाठून निघून जात नाही.

आधी दहा मिनिटं नुसतं बघा

मान वळलेली दिसली की पहिलं काम म्हणजे तिला बाकीच्यांपासून वेगळं करणं. कोंबड्या आजारी कोंबडीला टोचतात, तेही डोक्यावर. मग सपाट जमिनीवर सोडा, मोबाईलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढा आणि शांत बसून बघा. व्हिडिओ महत्त्वाचा आहे. दवाखान्यात नेली की कोंबडी घाबरून पिशवीत गप्प बसते, डॉक्टरांना काहीच दिसत नाही. आमच्या डॉक्टरांनी तांबडीचा व्हिडिओ दोनदा पाहिला आणि मगच तिला हात लावला.

बघायचं काय, तर सगळ्यात आधी हे की मान पिळलेली आहे की लुळी पडली आहे. पिळलेल्या मानेत ताठपणा असतो. तुम्ही हलक्या हाताने सरळ केली की सरळ होते आणि सोडली की पुन्हा तिथेच जाते. लुळ्या मानेत जोरच नसतो, ओल्या फडक्यासारखी लोंबते. हे दोन अगदी वेगळे आजार आहेत.

मग डोकं कुठल्या बाजूला जातं ते बघा. मागे आणि वर, म्हणजे आकाशाकडे बघत बसल्यासारखं? की खाली पायांत घुसतं आणि ती कोलांटी खाते? की नुसतं एका कानावर कललेलं आहे आणि ती त्याच बाजूला गोल फिरते? पाय बघा. दोन्ही सारखे अशक्त आहेत की एक पुढे आणि एक मागे ताणला आहे? बोटाला हलका चिमटा काढल्यावर पाय ओढून घेते का? शीट हिरवी पातळ आहे, रक्ताची आहे की नेहमीची? श्वास घेताना चोच उघडते का? तुऱ्याचा रंग काळपट निळा झाला आहे का?

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अशी एकच आहे, की आणखी कोणी सुस्त आहे?

खरी मानमोडी कशी असते

राणीखेत हा विषाणूचा आजार. कुमाऊंच्या डोंगरातल्या राणीखेत गावावरून भारतात त्याला ते नाव पडलं, जगभर त्याला न्यूकॅसल म्हणतात. तो कळपात शिरला की दोन-चार दिवसांत चित्र पालटतं. कोंबड्या तोंड उघडून श्वास घेतात, हिरवट पातळ शीट करतात, पंख पडतात, अंडी बंद होतात किंवा पातळ कवचाची येतात, आणि मग मरतुक सुरू होते. मान वाकडी होणं, पाय ओढणं, अंग थरथरणं ही लक्षणं पुष्कळदा ह्या सगळ्यासोबत किंवा नंतर येतात. जी जगते तिची मान काही वेळा कायमची वाकडी राहते.

त्यावर औषध नाही, लस आहे. पिल्लाला पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्याला पुन्हा, आणि आठव्या आठवड्याला आर टू बी ह्या लसीची सुई. आमच्यासारख्यांची अडचण ही की बाटली शेकड्याच्या हिशोबाने येते आणि एकदा कालवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. आम्ही चार घरं मिळून एकाच दिवशी लस करतो, पुढचा दिवस ठरवून टाकतो. लस पाण्यातून द्यायची असेल तर महापालिकेच्या नळाचं पाणी तसंच वापरू नका, त्यातल्या क्लोरीनने लस मरते. आम्ही विहिरीचं घेतो.

एकाच दिवशी दोन-तीन मेल्या, तुरे निळे पडले, डोकी सुजली, तर हा मजकूर वाचत बसू नका. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने धरू नका, मुलांना दूर ठेवा, कोंबड्या कुणाला देऊ-विकू नका आणि लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ ह्या टोल फ्री नंबरवर कळवा. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा फेब्रुवारी २००६ मध्ये सापडला तो नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, म्हणजे आपल्याच विभागात. बर्ड फ्लूतही मज्जासंस्थेची लक्षणं दिसतात, आणि तो आहे की नाही हे घरी बसून ठरवता येत नाही.

एकटीच आजारी असेल तर

एकटीच आजारी, बाकीच्या ठणठणीत आणि हिच्या डोळ्यांत जीव आहे, अशा वेळी कारण बहुतेकदा दुसरंच असतं. काही कारणं चटकन ओळखू येतात.

लुळी मान असेल तर विषारी कुजकं पोटात गेल्याचा संशय घ्या. मेलेली घूस, कुजलेला खरकट्याचा ढीग आणि त्यातल्या अळ्या ह्यांत बोटुलिझमचं विष तयार होतं. आधी पाय जातात, मग पंख, मग मान आणि शेवटी पापण्याही उचलत नाहीत. पिसं हाताला सहज सुटून येतात. उकिरडा उकरणाऱ्या कोंबड्यांना पावसाळ्यात हा धोका जास्त असतो.

एक पाय पुढे आणि एक मागे, असं फाकून पडलेली तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, दिसली, तिचं वय दीड ते सहा-सात महिन्यांच्या आत असेल, वजन उतरत असेल, डोळ्याची बाहुली वेडीवाकडी किंवा बुबुळ राखाडी झालं असेल, तर तो मॅरेक्स नावाचा आजार. हंगेरीतल्या योझेफ मारेक ह्या पशुवैद्याने १९०७ मध्ये त्याचं वर्णन केलं. त्याला उपचार नाही आणि लस एक दिवसाच्या पिल्लालाच द्यावी लागते, म्हणून पिल्लं घेतानाच ‘मॅरेक्सची लस झाली आहे का’ हे विचारा. आठवडी बाजारातली पिल्लं बहुधा लस न केलेली असतात.

अंड्यावरची कोंबडी अचानक पायातून गेली, शेपूट खाली टाकून बदकासारखी उभी राहते आहे, तर आधी अंडं अडकलं आहे का ते बघा. आतलं अंडं नसेवर दाबलं जाऊन पाय लुळे पडल्यासारखे दिसतात. कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बसवल्याने आमची एकदा मोकळी झाली होती. नाही झाली तर त्याच दिवशी डॉक्टर.

आता आपल्या भागाची एक गोष्ट, जी पुण्या-मुंबईकडच्या माणसाला सुचणार नाही. मखमलाबाद, गिरणारे ह्या पट्ट्यात द्राक्षबागा घराला लागून आहेत. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की बागांत फवारण्या सुरू होतात. कोंबड्या बांधावर जातात, फवारलेला पाला, मेलेले किडे खातात. काही कीटकनाशकं थेट मज्जासंस्थेवर बसतात. तोंडातून लाळ गळते, पाण्यासारखी शीट होते, अंग थरथरतं, झटके येतात आणि हे सगळं काही तासांत होतं. अशा वेळी कुठलं औषध मारलं होतं ते बागवाल्या काकांना विचारून, जमलं तर डब्याचा फोटो घेऊन पळत दवाखाना गाठा. अशा काही औषधांवर अॅट्रोपिनची सुई चालते, पण ती डॉक्टरच देऊ शकतात. आम्ही आता शेजारच्या बागेत फवारणी असली की दोन दिवस कोंबड्या कोंडून ठेवतो. काका आदल्या संध्याकाळी फोन करतात, त्यांचे उपकार आहेत.

नुसती कललेली मान आणि एकाच बाजूला गोल फिरणं असेल तर कान बघा. डोळ्याच्या मागे बारीक पिसांखाली भोक असतं. आत पिवळं, चीज लागल्यासारखं काही दिसलं तर कानाचा संसर्ग. डोक्यावर जखम असेल, कोंबडा मागे लागला असेल, कुत्र्याने धरली असेल, तर मार. एप्रिल-मेमध्ये दुपारी दोन वाजता अडखळत असेल तर आधी ऊन.

आमच्या घरी ह्यातलं काहीच नव्हतं.

कालनिर्णयच्या पानावर सापडलेलं उत्तर

दुसऱ्या वर्षी चांदीची मान गेली तेव्हा मी तिला कापू दिलं नाही. जीवनसत्त्वं द्यायची एवढं ऐकलं होतं, म्हणून सिरिंजने पाण्यातून औषध तोंडात सोडलं. मान मागे वळलेली असताना. तिला ठसका लागला, घशात घरघर झाली आणि संध्याकाळपर्यंत ती गेली. औषध फुप्फुसात गेलं होतं. पाजायचं कसं हे पुढे नीट सांगते, कारण मान वळलेल्या कितीतरी कोंबड्या आजाराने मरत नाहीत, अशा पाजण्याने मरतात.

तांबडीची मान वळली तेव्हा मी आमच्या गावरान अंड्यांचा हिशोब लिहिते ते कालनिर्णय घेऊनच दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी विचारलं, ‘ताई, ह्याच्या आधीच्या महिन्यात काय काय दिलंत?’ मी पानं उलटत वाचून दाखवलं. जूनच्या शेवटी रक्ती हगवण. त्याच दिवशी पाण्यात पावडर सुरू. आणि वीस-बावीस दिवसांनी मान. गेल्या वर्षीचं कालनिर्णय घरी खिळ्यावर होतं, मुलीला फोन करून त्याचं पान वाचायला सांगितलं. तेच. रक्ती हगवण, पावडर, तीन आठवडे, मान.

ती पावडर अॅम्प्रोलियमची. रक्ती हगवण करणाऱ्या कॉक्सिडिया नावाच्या परजीवीवर ती चांगली चालते, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ती काम कशी करते ते डॉक्टरांनी सांगितलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अॅम्प्रोलियमची घडण बी-वन जीवनसत्त्वासारखी, म्हणजे थायमिनसारखी आहे. परजीवी थायमिन समजून तेच घेतो आणि उपाशी मरतो. योग्य मात्रेत कोंबडीला फारसं बाधत नाही. पण मात्रा जास्त झाली किंवा दिवस लांबले की कोंबडीचंही थायमिन तुटतं. मेंदू आणि नसा थायमिनवाचून चालत नाहीत. मानेच्या पुढच्या बाजूचे स्नायू लुळे पडतात, मागचे खेचतात आणि डोकं पाठीवर जातं. चोच छताकडे लागते ती त्यामुळे.

‘किती घालता?’ डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, ‘लिटरला एक चमचा.’ कुठला चमचा? चहाचा.

परत येताना सराफ बाजारात ओळखीच्या दुकानात थांबले आणि त्यांच्या काट्यावर तो चमचा भरून तोलला. सपाट चमचा चार ग्रॅमच्या वर भरला. हिशोब असा आहे: पावडर २० टक्क्यांची असेल तर १ ग्रॅममध्ये औषध २०० मिलिग्रॅम. जोराच्या हगवणीत लिटरला २४० मिलिग्रॅम औषध लागतं, म्हणजे १.२ ग्रॅम पावडर, तेही ३ ते ५ दिवस. त्यानंतर लिटरला ६० मिलिग्रॅम, म्हणजे ०.३ ग्रॅम, आठवडा-दोन आठवडे. मी तिपटीहून जास्त, तीन आठवडे, एकदाही कमी न करता देत होते. दुकानात ‘एक चमचा टाका’ एवढंच सांगितलं गेलं आणि पाकिटावरची बारीक अक्षरं मी वाचली नाहीत. तुमच्या पाकिटावर टक्केवारी वेगळी असू शकते, म्हणून पाकीट वाचा, डॉक्टरांना विचारा आणि तोलूनच घाला. तीन-चारशे रुपयांत छोटा डिजिटल काटा मिळतो. मी घेतला आहे, खुराड्याच्या फळीवर असतो.

मग प्रश्न राहिला: पाणी सगळ्याच पीत होत्या, मग मान एकीचीच का? ह्याचं उत्तर आमच्या आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, लाडात होतं. तांबडी त्यांच्या पायाशी घुटमळणारी. रात्रीचा उरलेला पांढरा भात रोज तिला. भाताने तिचं पोट भरायचं आणि मॅशकडे, म्हणजे दुकानातून आणलेल्या तयार खाद्याकडे, ती ढुंकून बघायची नाही. ठिपकी आणि चांदीसुद्धा आईंच्याच लाडक्या होत्या, हे तेव्हा घरात सगळ्यांना एकदमच आठवलं आणि कुणी काही बोललं नाही.

पॉलिश केलेल्या तांदळाचा कोंडा जातो आणि थायमिन त्या कोंड्यात असतं. हे जगाला कळलं तेही कोंबड्यांमुळेच. १८९० च्या दशकात बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, क्रिस्टिआन आइकमान हे डच डॉक्टर बेरीबेरीवर काम करत होते. प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांचे पाय गेले, माना गेल्या. शोध घेतल्यावर कळलं की रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा भात त्यांना घातला जात होता. नवा स्वयंपाकी आला, त्याने तो भात द्यायचं बंद केलं, साधा, पॉलिश न केलेला तांदूळ सुरू झाला आणि कोंबड्या बऱ्या झाल्या. त्या कामासाठी आइकमान यांना १९२९ मध्ये नोबेल मिळालं. मी हे आईंना सांगितलं. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून भाताऐवजी बाजरी भिजवायला घेतली.

उपचार: काय दिलं आणि कसं दिलं

पहिल्याच दिवशी पावडर पूर्ण बंद. हगवण अजून चालू असेल तर डॉक्टर दुसऱ्या प्रकारचं औषध देतात, पण तीच पावडर सुरू ठेवून वरून बी-वन देण्यात अर्थ नाही. दोन्ही एकमेकांना मारतात. एरवीही अॅम्प्रोलियमचा कोर्स चालू असताना बी-कॉम्प्लेक्स घालायचं नाही, कोर्स संपल्यावर घालायचं.

तांबडीला दवाखान्यात बी-कॉम्प्लेक्सची सुई मिळाली. घरी १०० मिलिग्रॅमच्या बी-वन गोळीचा पाव भाग, दिवसातून एकदा, दहा दिवस. ती दोन किलोची आहे, त्यावरून डॉक्टरांनी ठरवलं. तुमच्या कोंबडीचं वजन सांगून विचारून घ्या. सोबत ई जीवनसत्त्वाची ४०० ची हिरवी कॅप्सूल, रोज एक, पहिले पाच दिवस. ई कमी पडल्यानेही मान वळते, तोल जातो, विशेषतः पिल्लांत, आणि जुनं खवट झालेलं खाद्य हे त्याचं नेहमीचं कारण. दोन्हींत फरक करणं घरी कठीण असतं म्हणून दोन्ही दिलं जातं. ई शरीरात वापरायला सेलेनियम लागतं, पण सेलेनियमच्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नका, ते थोडं जास्त झालं तरी विषारी आहे. उकडलेल्या अंड्याचं पिवळं आणि सूर्यफुलाचं बी एवढं पुरे.

आता पाजणं. कोंबडीची चोच उघडून बघा: जिभेच्या मागे, मधोमध, एक उभी फट उघडझाप करताना दिसेल. ती श्वासनलिका. औषध तिच्यात गेलं की संपलं. म्हणून कोंबडीला टॉवेलमध्ये पंखांसकट गुंडाळा, मांडीवर घ्या, डाव्या हाताच्या तळव्यात डोकं धरून मान हळूहळू नेहमीच्या जागी आणा. ओढू नका, ताण कमी होईपर्यंत तशीच धरून थांबा. मिनिटभरात स्नायू सैल पडलेले हाताला कळतात. मग चोचीच्या कडेला एक थेंब सोडा. ती जीभ हलवून गिळेल. मग दुसरा. कॅप्सूल टाचणीने टोचून तेल असंच थेंबाथेंबाने द्यायचं. गोळीचा चुरा मी कणकेत मळत होते: कणीक, थोडं दही, अंड्याचं पिवळं, त्याच्या हरभऱ्याएवढ्या गोळ्या. एकेक चोचीत ठेवली की गिळते. पाण्यासाठी वाटी चोचीखाली धरली, फक्त चोचीचं टोक बुडेल इतकी. दोन किलोच्या कोंबडीला दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी लागतं, उकाड्यात जास्त, म्हणून हे दिवसातून पाच-सहा वेळा करावं लागलं. मी शाळेत नोकरीला जाते, दुपारचं सगळं आईंनी केलं. गळ्याखालची पिशवी चाचपून बघायला त्या दोन दिवसांत शिकल्या. रिकामी लागली की पुन्हा भरवायचं.

राहायला पुठ्ठ्याचं खोकं, तळाशी जुनी चादर आणि दोन्ही बाजूंना गुंडाळलेले टॉवेल, म्हणजे ती कलंडत नाही. जागा अर्धवट अंधाराची आणि शांत. घाबरली की मान जास्त पिळते, हे स्पष्ट दिसायचं. कुकरची शिट्टी झाली तरी डोकं मागे जायचं.

निव्वळ थायमिनचा दोष असेल तर फरक लवकर दिसतो, काही वेळा काही तासांत. तांबडीने त्याच संध्याकाळी पाच मिनिटं डोकं सरळ धरलं. तिसऱ्या दिवशी स्वतःहून दाणा टिपला. दहाव्या दिवशी अंगणात सोडली, पण जाळीआड, दोन आठवडे पुरे होईपर्यंत. तीन-चार दिवसांत काडीचाही फरक नाही, किंवा पायाची बोटं आत वळत चालली आहेत, तर निदान चुकलं आहे असं समजून पुन्हा डॉक्टरांकडे जा. बोटं आत वळणं हे बी-टूच्या कमतरतेचंही लक्षण आहे, आणि ते जुनं झालं की सरळ होत नाही.

कोंबडी गेलीच, तर ती तशीच पुरू नका. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बर्फात ठेवा, फ्रीजरमध्ये घालून गोठवू नका, आणि शवविच्छेदनासाठी न्या. गरज असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यातून नमुने पुण्याला औंधच्या रोग निदान प्रयोगशाळेत जातात. चांदीच्या वेळी मी हे केलं असतं तर वर्षभर आधी उत्तर मिळालं असतं.

दरवर्षी का येत होतं

पावडर चुकली ते खरं, पण पावडर द्यायची वेळच दर जूनमध्ये का येत होती? डॉक्टरांनी हा प्रश्न विचारला नसता तर पुढच्या वर्षी पुन्हा तेच झालं असतं. कॉक्सिडियाची अंडी शीटेतून पडतात आणि ओल व ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत लागण करण्याजोगी होतात. आमच्या खुराड्याच्या पत्र्याची पागोळी आतल्या बाजूला पडत होती. पाण्याचं भांडं ठेवायचो त्याच कोपऱ्यात. तिथला तुसाचा थर मुठीत दाबला तर लाडू वळायचा. पत्रा हातभर पुढे काढला, भांडं विटांवर उचललं, तूस दर तीन-चार दिवसांनी उकरून वरखाली करतो आणि ओला भाग लगेच काढून टाकतो. पुढच्या वर्षी जूनमध्ये रक्ती हगवण आली नाही.

खाद्याचं पोतंही आता पन्नास किलोचं आणत नाही. सात कोंबड्या दिवसाला साधारण ८०० ग्रॅम खातात, म्हणजे ते पोतं दोन महिने चालतं आणि पावसाळी हवेत खवट होतं. दहा-दहा किलो आणते, पत्र्याच्या डब्यात ठेवते. ब्रॉयलरचं खाद्य स्वस्त पडलं म्हणून आणू नका. त्यात बऱ्याचदा आधीच कॉक्सिडियाचं औषध मिसळलेलं असतं, आणि त्यातली सॅलिनोमायसिनसारखी औषधं टायामुलिन ह्या अँटिबायोटिकसोबत पोटात गेली की कोंबड्या पायातून जातात. भात बंद केलेला नाही, आठवड्यातून एकदा मूठभर असतो. बाकी बाजरी, गव्हाचा कोंडा, मोड आलेली मटकी, शेवग्याचा पाला.

तांबडीची मान एकदा पुन्हा वळली होती, दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या रात्री, गल्लीत सुतळी बॉम्ब सुरू झाल्यावर. मी घाबरून डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, मेंदूला एकदा धक्का बसलेला पक्षी भीतीने पुन्हा तसं करतो, अंधारात ठेवा आणि तीन दिवस बी-वन द्या. खोकं माळ्यावरून काढलं, देवघराच्या मागच्या खोलीत ठेवलं, वर चादर टाकली. भाऊबीजेला ती बाहेर होती. आता दिवाळीचे चार दिवस सगळ्याच कोंबड्या संध्याकाळी सहाला त्या खोलीत येतात. तांबडी पाणी पिताना अजून डोकं जरासं डावीकडे कलवते. ह्या आठवड्यात तिने चार अंडी दिली.